३१ मि.

बाबांच्या फ्रिजमध्ये दूध नव्हतं, भाजी नव्हती, आदल्या दिवशीचं उरलंसुरलंही नव्हतं. मधले कप्पे काढून टाकलेले होते आणि तिथे एक चपटा, चौकोनी खोका आडवा ठेवलेला होता. घर आवरायला आलेल्या त्यांच्या मुलीने तो बाहेर काढला, झाकण उचललं आणि ती तशीच उभी राहिली. आत एक काळीभोर तबकडी होती. मधोमध स्क्रूने आवळलेली, कशालाही न टेकलेली आणि इतकी नितळ की तिला तिच्यात स्वतःचं नाक दिसलं. नऊ दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाच्या फ्रिजमध्ये एवढाच ऐवज.

बाबा तबकड्या कापायचे, हे तिला माहीत होतं. घरामागच्या खोलीत मशीन होतं, त्यावर कोरी तबकडी फिरायची आणि तापलेली सुई तिच्यात गाण्याची रेघ कोरत जायची. मग त्या मऊ तबकडीवरून कुठल्याशा कारखान्यात धातूचा साचा होई आणि साच्यावरून विकायच्या तबकड्या. कोणी विचारलं तर ती सांगे, "जुन्या गाण्यांचं काम करतात." असं कोणी तिला सांगितलं नव्हतं. बाबांकडे पाहिल्यावर दुसरं काही सुचायचंच नाही. नाकासमोर चालणारा माणूस. दार लावलं तर कडीला कळायचं नाही, चहात चमचा फिरवला तर कपाला लागायचा नाही. शेजारच्यांचा टीव्ही मोठा झाला की भिंतीवर बोटाने दोनदा टकटक करायचे, तीही हळू.

दारावर थाप पडली तेव्हा अकरा वाजत होते. बाहेर तिशीतला एक माणूस उभा होता. निळा गणवेश, कोपरांवर ग्रीस, छातीवर लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा बिल्ला.

"लिफ्ट नाही आमच्याकडे," ती म्हणाली. "बैठं घर आहे."

"ते दिसतंय ताई. काका आहेत का? प्लेट न्यायची होती. आठवडाभर फोन करतोय, उचलतच नाहीत. म्हटलं, रागावले असतील."

तिने सांगितलं. शनिवारी पहाटे, झोपेत. यापेक्षा लांब वाक्य तिला नऊ दिवसांत जमलं नव्हतं.

तो माणूस पायरीवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा खाली गेला, त्याच्याच एखाद्या लिफ्टसारखा. मग म्हणाला, "आदल्याच दिवशी, शुक्रवारी, मी इथेच होतो. माझ्यासमोर कापली त्यांनी. चारदा म्हणाले, खर्ज जरा आवर, सुई उडेल."

"कसला खर्ज?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलं नाहीत कधी?"

त्याचं खरं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे त्याला शून्या म्हणत, आणि का म्हणत ते थोड्या वेळाने कळलं. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करी आणि सुट्टीच्या दिवशी माइक धरी. लिफ्टच्या रिकाम्या विहिरीत उभा राहून ओळी म्हणून बघे, कारण तिथल्यासारखा घुमारा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पैसे मोजूनही मिळत नाही. बहिणीबरोबर त्याने एक लहानसं लेबल काढलं होतं. डबस्टेप आणि ग्राइम, म्हणजे खर्जाचे हादरे आणि त्यावर भराभर म्हटलेल्या ओळी. दुकानात, रेडिओवर न लागणारं संगीत. तीनशे तबकड्या निघायच्या आणि ज्यांना हव्यात त्यांच्या दोन दिवसांत संपायच्या.

"आणि ते सगळं बाबा कापायचे?"

"ताई, चांगलं जे जे निघालं ते काकांनीच कापलं. अकरा वर्षं."

तिचा विश्वास बसेना. तो उठला, आत येऊ का म्हणून विचारलं, आणि सवयीच्या पावलांनी बोळातून मागच्या खोलीकडे गेला. ती त्याच्या मागून, स्वतःच्या माहेरात पाहुण्यासारखी. खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या. मधोमध मशीन, शेजारी सूक्ष्मदर्शक, एक लाकडी खुर्ची आणि समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. त्याने फडताळातून एक तबकडी काढून लावली.

सुरुवातीला काहीच नाही. एक दूरची टाळी, पावसाळी पत्र्यावर थेंब पडावा तसा एक आवाज. मग जमीन सरकली. आवाज कानांतून आलाच नाही, तो खुर्चीच्या पायातून आला, गुडघ्यांतून, दातांतून. सूक्ष्मदर्शकाशेजारची पेन्सिल आपणहून चालत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि खाली पडली. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. शून्याने लगेच बंद केलं.

"हे?" ती म्हणाली. "हे बाबा ऐकत होते? या खुर्चीत बसून?"

"डोळे मिटून. आणि पायाचा अंगठा हलवत."

तिने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या उजव्या पायाशी फरशी खरंच जराशी गुळगुळीत झाली होती.

शून्याने तबकडी उजेडात तिरकी धरली. "आता हे बघा. गाणं संपल्यावर, लेबलाच्या आधी, ही मोकळी पट्टी राहते. कापणारा तिथे सुईने स्वतःची खूण कोरतो. कोणी सही करतं, कोणी विनोद लिहितं. काका मार्क द्यायचे."

तिने वाकून पाहिलं. बारीक, सरळ, बाबांचंच अक्षर: ९ मि.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली.

मुद्रितशोधनात तिची वीस वर्षं गेली होती, 'मि.' दिसलं की मिनिटं, यात तिला विचार करावा लागत नव्हता. शून्या मात्र समजुतीने हसला.

"आधी सगळ्यांना तसंच वाटलं. पण हे गाणं पाच मिनिटांचं आहे ताई. आणि एका प्लेटवर तर एकतीस लिहिलंय, एवढी मिनिटं एका बाजूवर मावतीलच कशी? 'मि.' म्हणजे 'मिळाले'. नऊ मिळाले. काही दीडशहाणे म्हणतात 'मि.' म्हणजे 'मित्रा', पण काका कोणाला मित्रा म्हणतील?"

"नाही म्हणणार."

"तर. काका शुक्रवारी कापायचे, पण सोमवारशिवाय द्यायचे नाहीत. वास्तविक प्लेट ताजी असतानाच साच्याला जायला हवी, बाकीचे तासाभरात हातात देतात. काका ती थंड राहावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणायचे, तिला विसावा लागतो. आम्ही ओळखून होतो. रविवारी मशीन बंद, कडक नियम. रविवारी शांतपणे ऐकणार आणि मार्क टाकणार." त्याने मोबाइल काढला. "ही यादी बघा. नवीन काही निघालं की लोक गाणं नंतर ऐकतात, आधी काकांनी किती दिले ते बघतात. सात आले की माल गायब. दोन आले की पोरं पार्टी रद्द करायची."

"आणि तुम्हाला?"

त्याने बिल्ल्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं. "चार वर्षांपूर्वी. माझी पहिलीच प्लेट. शून्य. अख्ख्या अकरा वर्षांत एकालाच शून्य मिळालं ताई, आणि तो हा तुमच्यासमोर उभा आहे. लोक चिडवायला लागले, म्हटलं, आता हेच नाव लावू." तो हसला, पण पुरतं नाही. "काकांना कधी विचारलं नाही का म्हणून. हिंमत झाली नाही. पण परत त्यांच्याकडेच येत राहिलो. प्रत्येक वेळी दोन, तीन, दोन. ही आता फ्रिजमध्ये आहे ना, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात बरी आहे. म्हणून आलो. साचेवाल्याने आज चारपर्यंत बोलावलंय. मला फक्त बघायचंय किती दिले."

दोघं स्वयंपाकघरात आले. शून्याने खोका ओट्यावर ठेवला, हात दोनदा पुसले, झाकण उचललं आणि खिडकीच्या उजेडात वाकला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग खिशातून भिंग काढून.

"काहीच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे शून्य?"

"शून्य तरी लिहिलं असतं. कोरी आहे पट्टी." त्याचा चेहरा बघवेना. "शनिवारीच गेले. रविवार आलाच नाही."

सांत्वन करायचं म्हणजे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. गेले नऊ दिवस ते तिच्यावर होत होतं, एवढंच. तिने चहाला आधण ठेवलं. तो बोळात जाऊन उभा राहिला. तिथे भिंतीवर बाबांचा जुना वायरवाला फोन होता. मोबाइल त्यांनी घेतला नाही तो नाहीच. फोनशेजारी खिळ्याला दोरीने एक धावण्याच्या शर्यतीत धरतात तसलं घड्याळ टांगलेलं होतं.

"हे इथे काय करतंय?" शून्या स्वतःशीच म्हणाला. "प्लेटची वेळ तर ते मशीनवरच बघायचे. बिघडलेलं असणार." आणि त्याने ते उचलून वरचं बटण दाबलं.

टिक.

स्वयंपाकघरात तिच्या हातातला साखरेचा चमचा थांबला.

"परत दाबा," ती म्हणाली.

टिक.

हा आवाज ती ओळखत होती. आईच्या जाण्यानंतरची अकरा वर्षं, दर रविवारी सकाळी अकरा वाजता, सहा तासांच्या अंतरावरच्या तिच्या घरातून ती बाबांना फोन करी. बाबा "हं, बोल" म्हणत आणि त्याच्या जरा आधी हा आवाज येई. ठेवतानाही येई. ती एकदा म्हणालीही होती, "बाबा, तुमच्या फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे, टिकटिक होतं." बाबा म्हणाले होते, "असेल."

तिने गॅस बंद केला. ती बोळात आली.

"शून्य कधीचं?" तिने विचारलं.

"सांगितलं ना, चार वर्षांपूर्वी. थंडीत. का?"

चार वर्षांपूर्वी थंडीत काय झालं होतं? भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. नवऱ्याच्या मित्रांबरोबर ती दोन दिवस डोंगरात गेली होती, बस्स. परत आल्यावर सोमवारी आठवलं होतं. आठवलं तेव्हा म्हटलं, आता पुढच्या रविवारीच करू.

"ती मिनिटंच आहेत," ती म्हणाली. "मी रविवारी फोन करायचे. ते मोजायचे. किती वेळ बोलले ते."

शून्याला कळायला वेळ लागला. त्याने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे मार्क नाहीतच ते?"

"नाहीत."

"माझं शून्य..."

"माझं आहे. मी विसरले होते."

तो आ वासून उभा राहिला. त्याच्या मागे चार वर्षं उभी असावीत असं ते तोंड होतं. मग हळूहळू म्हणाला, "पार्ट्या रद्द केल्या ताई लोकांनी. एकाने तर दोन मिळाले म्हणून संगीत सोडून विम्याची नोकरी धरली." आणि त्याला हसू यायला लागलं. ते आवरावं म्हणून त्याने तोंडावर मनगट दाबलं. तिलाही आलं असतं. पण तिच्या डोक्यात एक आकडा फिरत होता, आणि तो त्यानेच मगाशी उच्चारला होता.

"एकतीस कोणाला मिळाले?"

"दोघी बहिणींची प्लेट होती. मागच्या वर्षी, शाळा सुरू व्हायच्या सुमाराला. ती तर आता मिळतच नाही. लोक म्हणतात, काकांना एकदाच काहीतरी खरंच भिडलं." त्याने डोळे बारीक केले. "एकतीस मिनिटं काय बोलत होतात तुम्ही एवढं?"

ती कधीच बाबांशी एकतीस मिनिटं बोलली नव्हती. दोघांकडे मिळून तेवढे शब्दच नव्हते. तब्येत, हवा, नातीची शाळा, ठेवते.

पण एकतीस तिने पाहिले होते. स्वतःच्या मोबाइलवर. त्या दिवशी तिने बाबांना "ठेवते" म्हटलं, मोबाइल ओट्यावर पालथा टाकला आणि कामाला लागली. बऱ्याच वेळाने कोणाला तरी फोन करायला तो उचलला, पडदा अजून उजळलेलाच होता, तिने सवयीने लाल बटण दाबलं, आणि आकडा आला: ३१. आज बरंच बोललो की, असं तिच्या मनात आलं होतं. जरा बरंही वाटलं होतं. आणि ती विसरून गेली होती.

फोन पालथा टाकल्या टाकल्या ती काय म्हणाली होती, तेही तिला आठवत होतं. ते विसरणं शक्यच नव्हतं, कारण त्यावर नवरा हसला होता आणि पुढे तो घरातला विनोद होऊन बसला होता. ती म्हणाली होती, "झाली एकदाची हजेरी. आता आठवडाभर सुटका." आणि नवरा म्हणाला होता, "रजिस्टरवर सही केलीस ना?" त्यानंतर दर रविवारी सव्वाअकराला तो विचारी, सही झाली का. ती म्हणे, झाली.

बाबांनी ते ऐकलं होतं. याच बोळात उभं राहून, इथे खुर्चीसुद्धा नव्हती. ऐकून त्यांनी फोन ठेवला नाही. नात तेराचा पाढा म्हणत होती आणि तेरा सत्तेला अडखळत होती, ते ऐकलं. भांडी, नळ, इस्त्रीची वाफ. ती काहीतरी गुणगुणत असावी; काम करताना ती गुणगुणते असं नवरा म्हणतो. एकतीस मिनिटं त्यांनी तिचं घर ऐकलं, आणि तिने लाल बटण दाबलं तेव्हा त्यांनी इथलं बटण दाबलं. टिक.

"त्याच्यानंतरचे आकडे वाचा," ती म्हणाली.

शून्याने मोबाइलवर बोट सरकवलं. "दोन. तीन. दोन. दोन. तीन. दोन. लोक म्हणतात, एकतीसनंतर काकांना काही आवडेनासंच झालं."

त्या रविवारनंतर फोन बाबाच आधी ठेवू लागले होते. "ठेवतो गं, मशीन चालू आहे." दर रविवारी. रविवारी मशीन बंद, कडक नियम. आणि तिला, खरं सांगायचं तर, ते सोयीचं वाटलं होतं.

तिने शून्याला यातलं एवढंच सांगितलं, "मी नव्हते बोलत. फोन बंद करायचा राहिला होता. ते ऐकत होते."

त्याने पुढे विचारलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे त्याला धंद्याने शिकवलं असावं. चहाचं पाणी निवलं.

मग म्हणाला, "एक विचारू का? पट्टी कोरी जाऊ द्यायची, की तुम्ही काही लिहिता? सुई मशीनपाशी असेल. काय लिहाल ते चालेल मला. शून्य लिहिलंत तरी."

"माझ्या मनाने कसं लिहू? ते मोजून लिहायचे."

"तेही खरं."

ती मागच्या खोलीत गेली. सुई फडताळात, चष्म्याच्या जुन्या डबीत होती. ती तिने सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली, खाली पडलेली पेन्सिल उचलली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला उंच होत होती. उजवा पाय गुळगुळीत जागेवर टेकत नव्हता, तेव्हा ती पुढे सरकून बसली.

"तुमचं हे नवीन गाणं लावा," ती म्हणाली. "ही प्लेट लावतात का?"

"नाही नाही. हिला सुई लागली की संपली. माझ्याकडे मोबाइलवर आहे, तेच जोडतो. हळू लावू?"

"बाबा लावायचे तसं लावा. आणि ते घड्याळ द्या इकडे."

त्याने घड्याळ दिलं, वायर जोडली आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. तिने बटण दाबलं. टिक. या वेळी हात कानांकडे गेले नाहीत. जमीन सरकली ती तिने सरकू दिली. खर्ज छातीत आला आणि त्यावर शून्याचा आवाज, लिफ्टच्या विहिरीतला, भराभर, अर्धे शब्द कळत होते, अर्धे नाही. मग सगळं थांबून एक मोठी पोकळी आली, आणि त्या पोकळीनंतर खर्ज परत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो येणार म्हणून ती श्वास धरून बसली होती. चार मिनिटांत गाणं संपलं.

शून्या पुढे आला. "चार," तो म्हणाला. "चार चांगले आहेत. मला चार कधीच..."

तिचा अंगठा बटणावर होता. तिने दाबलं नाही.

"पुन्हा लावा."

"ताई, साचेवाला चारला बंद करतो."

"साडेबारा होतायत. पुन्हा लावा."

त्याने लावलं. तिसऱ्या वेळेस त्याने बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. पाचव्या वेळेस शेजारून कोणीतरी भिंतीवर दोनदा टकटक केलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीही आवाज कमी केला नाही. घड्याळ तिच्या हातात चालूच होतं.